जावयास पूर्वीच्या प्रशिक्षकांच्या तुलनेत नापास ठरविणेबाबत

प्रति,
मा. श्रीमती क्षितिजा नाडकर्णी,
भाषा व समावेशन अधिकारी,
ग्लेनकोरा महाविद्यालय,
काउंटी लाउथ, आयर्लंड.

अर्जदार : पद्माकर गणेश खांबेटे, सेवानिवृत्त विभागीय चौकशी अधिकारी, पाटबंधारे खाते, सांगली. हल्ली मुक्काम मुलीकडे, डंडॉक.

विषय : फुटबॉल प्रशिक्षक श्री. हृषीकेश यांस पूर्वीच्या प्रशिक्षकांच्या तोडीचे ठरविणारा अहवाल रद्द करून त्यांस नापास करणेबाबत.

संदर्भ : १) प्रशिक्षक प्रगती आढावा समितीचा अहवाल.
२) अर्जदाराचा समितीपुढील जबाब, जो दिला एक आणि लिहिला गेला भलताच.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, महाविद्यालयाच्या फाटकावर ‘येथे प्रत्येकाने आपापल्या भाषेत मन मोकळे करावे’ अशा अर्थाचा मोठा फलक आहे. आपण मूळच्या नागपूरच्या असल्याचे समजल्यावरून अर्जदाराने तो फलक खरा धरला आहे. फलक केवळ शोभेचा असल्यास तसे उलटटपाली कळवावे, म्हणजे अर्जदार हेच सर्व वाईट इंग्रजीत लिहील. वाईट इंग्रजीने काय अनर्थ होतो, ते पुढे येतच आहे.

१. श्री. हृषीकेश हे अर्जदाराचे जावई. पुण्यात लीग खेळले, लिक्सलिपच्या चिप कारखान्यात इंजिनिअर म्हणून स्थिर झाले, आणि तेथे सर्व सुरळीत चालू असताना प्रशिक्षकाच्या परीक्षा देऊन, कारखाना सोडून आपल्या महाविद्यालयाच्या संघाला शिकवू लागले. त्यांचा करार वाढवायचा की नाही, हे ठरविण्यासाठी समिती नेमण्यात आली. पूर्वीच्या तीन प्रशिक्षकांनी एवढ्याच काळात काय करून दाखवले होते, त्याच्याशी जावयांची तुलना करावयाची, असे ठरले. पद्धत म्हणून अर्जदाराचा तिला आक्षेप नाही. खात्यात अर्जदारालाही तीन मोठ्या माणसांनंतरची खुर्ची मिळाली होती.

२. मात्र ही तीन मोठी माणसे कोण, याची अर्जदाराने जुनी सवय म्हणून चौकशी केली. पहिले फादर कॉनलन. हे ओल्या दोराने मारीत. त्यांचे विद्यार्थी आज आजोबा झाले आहेत, आणि मैदानाच्या कडेला भेटले की टोपी वर करून कानामागचा वण दाखवतात, जसे आपल्याकडे एखाद्याने सुवर्णपदक दाखवावे. दुसरे डेझ मल्व्ही. यांच्या गोलकीपरचे डोके खांबावर आपटून फुटले, तेव्हा यांनी त्यास टॉवेल बांधून पुन्हा उभे केले. डोळ्यांत रक्त उतरलेले असताना त्याने पेनल्टी अडवली. तो फोटो कॉरिडॉरमध्ये लावलेला आहे. फोटोतील मुलगा कोठे पाहत आहे, हे त्यालाही ठाऊक नसावे. तिसरे मलाकी टोनर. हे मुलांना शेडच्या लाकडी दारावर खांद्याने धडका मारायला लावीत, दार मोडेपर्यंत किंवा खांदा निखळेपर्यंत. दार वरचेवर बदलावे लागे. खांद्यांविषयी दप्तरात माहिती नाही. पुढे टोनर सीमेपलीकडच्या, उत्तर आयर्लंडमधील महाविद्यालयात गेले.

या तिघांच्या मानाने जावयांनी सामने कमी जिंकले नाहीत. उलट थोडे जास्तच जिंकले. परंतु त्यांच्या कारकिर्दीत कोणाचे काही मोडले नाही. त्यांची मुले पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हात देऊन उठवीत. त्यामुळे माजी विद्यार्थी हळहळत. ‘लव्हली फेला. बट नो बाइट,’ असे अर्जदाराने स्वतःच्या कानाने ऐकले आहे. प्रशिक्षकाने चावले पाहिजे, असे नियमावलीत कोठे आढळले नाही.

३. घटना. टोनर यांचा नवा संघ ग्लेनकोरास खेळायला आला. उत्तरार्धात त्यांच्या एका आडदांड बॅकने आमच्या डावीकडच्या मुलाच्या नडगीवर दोन्ही पायांनी उडी घेतली. ओला बांबू फोडावा तसा आवाज झाला, आणि नंतर त्या मुलाचा. पाय जिथे वाकू नये तिथे वाकला होता. जावई धावत आत गेले, गुडघ्यावर बसले आणि त्या पोराचे डोके मांडीवर घेतले, जेणेकरून त्याला आपला पाय दिसू नये. तेवढ्यात टोनर आले. त्यांनी जावयांची कॉलर धरून त्यांना उभे केले आणि तोंडावर ठोसा मारला. दोन दात गवतात पडले. जावयांचे हात खालीच होते. रक्ताच्या गुळण्या थुंकत ते एकच म्हणत होते, ‘ॲम्ब्युलन्स बोलवा.’ टोनर यांनी दुसऱ्यांदा मूठ उगारली.

येथे अर्जदाराची पत्नी सौ. प्रभा हिने दोरी ओलांडली. अर्जदार ‘अगं, अगं’ म्हणेपर्यंत ती पोचली होती. ‘मेल्या, दात पाडतोस माझ्या जावयाचे?’ एवढेच बोलून तिने चहाने भरलेला स्टीलचा थर्मास बाजूने टोनर यांच्या नाकावर हाणला. नाक चेहऱ्यावर आडवे झाले. टोनर झाडासारखे पडले. मग दोन्ही संघ, दोन्हीकडचे बाप, आणि सँडविच वाटणारी मंडळी अशी सर्वजण एकमेकांवर तुटून पडली. एकाचा कान अर्धा लोंबत होता. कोपरा दाखवणाऱ्या झेंड्याची काठी एकाच्या गालातून आत गेली. रेफरी स्वतःच्या मोटारीत बसून काचा वर करून शिट्टी फुंकत होते. गार्डा म्हणजे पोलीस आले तेव्हा कुठे थांबले. पोचा आलेला थर्मास पुराव्यादाखल सोबत पाठवत आहे. पाहून परत मिळावा, रोज लागतो.

४. जबाब. अर्जदाराने आयुष्यभर इतरांचे जबाब घेतले. जबाब देणाऱ्यास तो वाचून दाखवावा, त्याने होय म्हटल्यावर सही घ्यावी, हा साधा शिरस्ता. समितीपुढे तो पाळला गेला नाही. सौ. बाहेर बाकावर बसली होती. आपण त्या दिवशी कामानिमित्त कासलबार गावी गेला होतात, म्हणून भाषा जाणणारे कोणी नव्हते. अध्यक्ष डॉ. मॅकएनिफ यांनी विचारले, ‘टेल अस, डिड युअर मॅन थ्रो द फर्स्ट पंच?’

‘युअर मॅन’ म्हणजे तुमचा माणूस. तुमचा माणूस म्हणजे जावई. एवढे इंग्रजी अर्जदारास सांगलीतही येत होते. शिवाय ‘आपला माणूस आहे, जरा बघा’ अशा चिठ्ठ्या नोकरीत इतक्या परत पाठवल्या होत्या की, हा शब्द ऐकताच अर्जदार ताठ झाला. त्याने ठणकावून सांगितले, ‘नेव्हर, सर. ही स्टूड विथ हिज हँड्स डाउन.’

पुढे विचारले, मग नाक कोणी फोडले? खोटे बोलायचे नाही, आणि बाहेर बसलेल्या बायकोचे नाव घ्यायची छाती नाही. अर्जदार म्हणाला, ‘समवन फ्रॉम अवर हाउस, सर. आय विल से नो मोर.’ यावर एका सदस्याने हलकी शीळ घातली. अध्यक्षांनी उठून अर्जदाराचा हात हातात घेतला आणि बराच वेळ हलवला. ही इकडची रीत असेल, असे अर्जदारास वाटले.

घरी आल्यावर मुलगी भार्गवी हिने कपाळाला हात लावला. ‘अहो बाबा, इकडे युअर मॅन म्हणजे तुमचा माणूस नव्हे. युअर मॅन म्हणजे तो. कुठलाही तो. ते टोनरबद्दल विचारत होते!’ तात्पर्य, ‘युअर मॅन’ याचे शुद्ध शासकीय मराठी ‘सदर इसम’ असे होते. अर्जदाराने सरकारी साक्षीदाराच्या थाटात सदर इसमाला निर्दोष सोडले, आणि नाक फोडल्याचे श्रेय स्वतःच्या जावयाच्या पदरात बांधून तो घरी आला.

५. मैदानावरच्या इतरांचे जबाब एकमेकांशी जुळेनात, म्हणून समितीने अर्जदाराचाच ग्राह्य धरला. नोकरी गेली, असे सर्वांनी धरले होते. जावयांनी लिक्सलिपला जुन्या साहेबांना फोनही केला. प्रत्यक्षात अहवाल आला तो असा की, श्री. हृषीकेश यांनी आपणहून आघाडी घेतली, स्वभावाच्या बाबतीत ते पूर्वीच्या तिघांच्या पंगतीला आले आहेत, नव्हे, एका पूर्वीच्या प्रशिक्षकास त्यांनी प्रत्यक्ष आडवे केले असल्याने तुलना करण्याचे काम सोपे झाले आहे. सबब करार वाढविण्यात यावा. जावयांचा रक्ताने माखलेल्या तोंडाचा फोटो मोठा करून त्या गोलकीपरशेजारी लावण्यात आला. टोनर स्वतः नाकाला पट्टी लावून भेटायला आले आणि त्यांनी जावयांना मिठी मारली. नाक फुटले तेव्हा त्यांनी मारणाऱ्यास पाहिले नव्हते. पुढे कोणी सांगितले असल्यास, त्यांना ते मानणे सोयीचे नव्हते. थर्मासने लोळवणाऱ्या सासूपेक्षा ठोसा मारणारा जावई केव्हाही इभ्रतीला बरा.

जावई खरे सांगायला डॉ. मॅकएनिफ यांच्याकडे गेले होते. अध्यक्षांनी डोळा मारला आणि म्हणाले, ‘से नो मोर.’ जावई खरे न सांगताच परत आले. नोकरी राहिली होती.

६. येथून पुढचे लिहू नये असे अर्जदारास वाटते, परंतु चौकशी अर्धी सोडता येत नाही. जावई आधी नुसते कपडे बदलण्याच्या खोलीचे दार आपटू लागले, लोकांना आवडते म्हणून. मग मुले कोपर वापरू लागली. जावयांनी पाहिले आणि रागावले नाहीत. एका सामन्यात समोरच्या सेंटरचा जबडा मोडला. तो आता तारांनी आवळलेल्या तोंडात नळी घालून सूप पितो. तो सामना आम्ही पाच गोलांनी जिंकला. माजी विद्यार्थ्यांनी जावयांना खांद्यावर घेतले. घरी एकदा डब्याचे झाकण सापडेना, तर जावयांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाचे, ज्यास इकडे प्रेस म्हणतात, दार मुठीने फोडले. भार्गवी फळीचे तुकडे गोळा करीत राहिली. सौ. म्हणाली, ‘जावईबापू, रक्त येतंय. हात धुऊन या.’

गेल्या शनिवारी कर्णधार सलील याने पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हात देऊन उठवले. सलील डंडॉकच्याच एका मराठी घरातला, घरी मराठी ऐकतो आणि इंग्रजीत उत्तर देतो. सामना बरोबरीत सुटला. आत आल्यावर जावयांनी त्यास भिंतीशी धरले आणि तोंडावर मारले. ओठ दातावर फाटला. सलीलने रक्त बाहीला पुसले आणि तो म्हणाला, ‘फेअर प्ले, कोच.’ इकडे याचा अर्थ ‘शाबास’ असा होतो. खोलीभर टाळ्या पडल्या.

जावई दुपारी घरासमोर येऊन मोटारीतच बसून राहिले. अर्जदार पलीकडचे दार उघडून शेजारी जाऊन बसला. जावई म्हणाले, ‘बाबा, मी सलीलला मारलं. हात देऊन उठवायचं मीच शिकवलं होतं त्याला. टाळ्या वाजवल्या पोरांनी.’ मग काचेवरच्या पावसाकडे बघत म्हणाले, ‘आणि बाबा, बरं वाटलं हो मला.’

अर्जदाराने नोकरीत अनेकांच्या तोंडून अनेक कबुल्या काढल्या. बहुतेक गुन्हेगार आपण केलेच नाही म्हणतात, काही केले म्हणतात. बरे वाटले, असे सांगणारा हा पहिलाच. तो अर्जदाराच्या घरातला निघाला.

७. सबब विनंती की,
(अ) जबाबातील ‘युअर मॅन’ म्हणजे श्री. टोनर अशी दुरुस्ती व्हावी. पहिला ठोसा सदर इसमाचाच.
(ब) नाकाचे संपूर्ण श्रेय सौ. प्रभा खांबेटे हिच्या नावे वर्ग व्हावे. ती हजर राहण्यास तयार आहे. पश्चात्ताप विचारू नये, तिला तो झालेला नाही.
(क) कॉरिडॉरमधील फोटो उतरवावा, आणि फादर कॉनलन, मल्व्ही व टोनर यांच्या तुलनेत जावयांस नापास करावे. काठावर नको. स्वच्छ, ठळक नापास.
(ड) सलीलने समोरच्याला उचलले ते बरोबर होते, असे त्याला समितीच्या सहीने कळवावे. जावई तोंडी सांगणारच आहेत, पण मारणाऱ्याच्या तोंडून ते कितपत पोचेल, याची शंका आहे.

याने जावयांची नोकरी जाईल, याची अर्जदारास कल्पना आहे. लिक्सलिपच्या साहेबांचा अद्याप फोन नाही. भार्गवी अर्जदारास एवढेच म्हणाली, ‘बाबा, लवकर द्या तो अर्ज. शनिवारी परत मॅच आहे.’

शिरस्त्याप्रमाणे हा अर्ज जावयांस वाचून दाखविण्यात आला. ‘श्री. हृषीकेश हे मारकुटे नाहीत’ असे शेवटचे वाक्य अर्जदाराने लिहिले होते. जावयांनी पेन मागून घेतले, आणि ‘नाहीत’च्या आधी स्वतःच्या हाताने ‘अजून’ हा शब्द घातला. अर्जदाराने तो तसाच राहू दिला आहे.

श्री. हृषीकेश हे मारकुटे अजून नाहीत.

आपला नम्र, आणि शनिवारच्या आत उत्तराची वाट पाहणारा,

पद्माकर गणेश खांबेटे
डंडॉक, मंगळवार

वरील अर्ज ऐकला. मान्य.
हृषीकेश