ताईची धाप आणि माझी रोजनिशी

शनिवार, १४ जून

ताई,

नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे, हे मी प्रत्येक पत्रात विचारतो आणि तुझं उत्तर अर्धंच वाचतो. या वेळी खरंच विचारतोय.

इकडे सगळे मजेत. बाबांना नवा चष्मा लागलाय. आता ते समोरच्या घरातलं वर्तमानपत्रही आपल्या खिडकीतून वाचतात, असा त्यांचा दावा आहे. तुझ्या भावजयीला बढती मिळाली.

आणि मला दमा निघाला. हसू नकोस. किंवा हस, पण बेतानं. आता आपल्या दोघांनाही जास्त हसणं झेपणार नाही.

आमच्या दप्तरखान्यात जुने गठ्ठे उतरवायचं काम निघालं होतं. तीन आठवडे मी फायली झटकत होतो. एक दिवस शिडीवर चढलो आणि कुठूनतरी बारीक आवाज यायला लागला. शिपाई म्हणाला, "साहेब, वर मांजर अडकलंय." दोघांनी मिळून मांजर शोधलं. मी थांबलो की आवाज थांबे. शेवटी कळलं, मांजर मीच.

दवाखान्यात एका यंत्रात फुंकायला लावतात. तिथल्या बाई कवायत घेतल्यासारख्या ओरडतात, "फुंका, फुंका, सोडू नका, अजून!" मी तीनदा फुंकलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "काका, मनापासून फुंका हो. चालढकल नको."

मी रडकुंडीला आलो. म्हटलं, "अहो, आहे तेवढाच श्वास आहे!"

हे वाक्य मी आधी ऐकलंय, असं वाटत राहिलं. घरी पोचता पोचता आठवलं. ते तुझं होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला आहे का, कशानं वाढतं? मला तुझं काहीच सांगता आलं नाही. म्हणून जुन्या रोजनिशा काढल्या. ताई, त्यात सगळं आहे! "रविवार. झाडलोट. ताईला पुन्हा धाप. माझ्या वाट्याला दोन खोल्या." "बाबांनी पुस्तकबांधणीसाठी दिवसभर पुठ्ठे कापले. ताई आडवी." "सगळे बाहेर फिरायला गेलो. ताई ठणठणीत! नाटकी."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवून ती पानं वाचली. "कागदाची धूळ. स्वच्छ दिसतंय. इतकी नीट नोंद माझे पेशंटही ठेवत नाहीत," म्हणाल्या. मी मान खाली घातली. तीन वर्षं मी तुझं निदान स्वतःच्या हातानं लिहीत होतो आणि खाली शेरा मारत होतो, आळशी. पुढे नोकरीच्या गावी तुझा दमा ठरला, तेव्हाही मी म्हणालो होतो, "डॉक्टरलाही गुंडाळलंन."

माझ्या कागदावर 'श्वसनविकार' असं लिहिलंय. तुला बाबा अव्यवस्थित म्हणायचे, आई नाजूक म्हणायची आणि मी बेशिस्त. तुझ्यामुळे घराची घडी बसत नाही, अशी आमची खात्री होती. ती घडी बसवायला आम्ही जी धूळ उडवायचो, तिनंच तुझा श्वास कोंडायचा. जिन्नस योग्य कप्प्यात ठेवण्याचा मी पगार घेतो, आणि तुझ्या बाबतीत हे असं.

हे सगळं इतक्या गमतीत लिहिता आलं, कारण मुख्य गोष्ट अजून लिहिलेली नाही.

एका रविवारच्या पानावर फक्त तीन शब्द आहेत. "विशेष काही नाही." त्या दिवशी तू पुठ्ठ्यांच्या खोलीत अडकली होतीस. तू सोळाची, मी चौदाचा. कडी आपोआप लागली, असं मी आईला सांगितलं. तशी ती लागली नव्हती. तू आतून मला हाका मारत होतीस. मग हाका थांबल्या. मला वाटलं, जिंकलो.

आईनं दार उघडलं तेव्हा तुझे ओठ निळसर झाले होते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि आईला म्हणालीस, "हो, आपोआपच लागली."

तुझं म्हणणं तू कधी बदललं नाहीस. फक्त घर सोडल्यापासून इथे मुक्काम केला नाहीस. येतेस, चहा घेतेस, तासाभरात निघतेस. आम्ही म्हणतो, ताईला कामं फार.

परवा जेवताना बाबांना कडीचं सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "तिला सांगितलंस?"

"ती तर होतीच ना तिथे."

"गाढवा, ती होती. तू कुठे होतास?"

म्हणून हे पत्र.

पुढच्या महिन्यात बाबांना पंच्याऐंशी पूर्ण होतील. आठ दिवस राहायला ये. घर ओल्या फडक्यानं पुसून घेतोय, झाडू लपवून ठेवलाय. कुठल्या खोलीत झोपायचं ते तू ठरव. आली नाहीस, तर रागावायचा हक्क मला नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. चालणार नाही. मी वाट पाहतोय.

कडी मी लावली होती.

तुझा धाकटा भाऊ