जडत्वाचं उदाहरण

राजूर,
दि. १५ जुलै २०२५

भाऊजींना मनीषाचा नमस्कार. तुम्ही थोरले दीर, म्हणून लिहिला, मनातून न्हाई. इकडं सगळे बरे आहेत. माझं खुब्याचं हाड जुळत आलंय. आईच्या हातचं खाऊन तब्येतही सुधरून राह्यली.

तुम्ही मात्र अंबडभर सांगून राह्यले की मनीषाला फिट येते, म्हणूनच ती गाडीवरून पडली. आत्याबाईंनी निरोप धाडला, दुखणेकरी सून घरात नको. तुमचे भाऊ न्यायला येईनात. आमच्या घराण्यात आजवर कुणाला फिट आली न्हाई.

चक्कर आली, असं दवाखान्यात मीच बोलले. तुमची अब्रू राखायला बोलले. तुमच्या गाडीवर मी मागं बसलेले, दळणाचा डबा माझ्या मांडीवर होता, एक हात त्याला. स्पीड ब्रेकरपाशी दुसऱ्या हातानं मी तुमचा खांदा धरला. "भावजयीनं थोरल्या दिराला हात लावायची रीत न्हाई आपल्यात," म्हणत तुम्ही तो झटकला आणि गाडी एकदम पळवली. गाडी पुढं गेली, मी मागं रस्त्यावर. नववीच्या पोरांना गतीचे नियम शिकवता, अन् एवढं कळलं न्हाई? रीत तुमची सांभाळली, हाड माझं मोडलं.

तरी मी गप राहणार होते. पण रविवारी अर्पिता मामासंगं आल्ती. जेवायलाच बसंना. लई विचारलं, मंग रडत रडत बोलली. वर्गात तुम्ही जडत्वाचं उदाहरण विचारलं. लेकरू उभं राहून म्हणलं, "गाडी एकदम पळाली आणि माझी आई मागं पडली." तिला वाटलं, आता तरी सगळ्यांना कळंल की आईला फिट येत न्हाई. तुम्ही म्हणले, "चूक. बस खाली." सगळी पोरं हसली. सख्ख्या पुतणीला असं खोटं पाडताना जीभ कशी रेटली तुमची?

माझ्यावर बालंट आणलं, ते सोसलं. हे सोसणार न्हाई. येत्या सोमवारी मी तुमच्या शाळेत येणार. त्याच पोरांसमोर तुम्ही म्हणायचं, अर्पिताचं उत्तर बराबर होतं. न्हाई म्हणले, तर हात कुणी झटकला तेही मी तिथंच सांगीन.

तुमच्या भावाला काल फोनवर सगळं सांगितलं. मंग म्हणले, "सोमवारी मी येतो संगं."

तुमची भावजय म्हणून सही करवत न्हाई.

अर्पिताची आई,
मनीषा