यंदा चौथीच

१९ मे, सोमवार. सकाळी.
ठरलं. यंदा पहिली नाही. चौथीच.
मोठ्या बाईंना फोन केला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका मृणालिनी केळुसकर, उंचीने माझ्या खांद्याला लागतात. स्पष्ट बोललो. आधी दोनदा मीच फोन कट केला, तो नेटवर्कचा दोष. त्या म्हणाल्या, आगवेकर सर, पहिली भरली तर ती दर्शनाबाई घेतील, तुम्हाला चौथी. नाही भरली तर वर्गच उघडणार नाही आणि कुणीतरी अतिरिक्त ठरून कुठल्या कुठे जाईल. 'कुणीतरी' म्हणताना त्या जरा थांबल्या.
इतकी वर्षं पहिलीत काढली. नाकं पुसली, लेस बांधल्या, वॉटरबॉटलची झाकणं उघडली. माझा आवाज इतिहासाचा आहे. अफझलखानाचा वध मी शिकवला तर मागच्या बाकावरची पोरं उभी राहतील. पण तो धडा चौथीला. पहिलीला बेरीज, तीसुद्धा मण्यांची.

२१ मे, बुधवार
अफझलखानाची प्रॅक्टिस केली. आवाज गॅलरीत गेला. समोरच्या खोलीतल्या अप्पांनी येऊन विचारलं, भांडण मिटलं का.
सीमाने विचारलं, समजा, नाही मिळाली चौथी तर? बायकोच अशी बोलायला लागली तर माणसाने काय करायचं. यंदाचा संकल्प क्रमांक एक: कुणाला 'हो हो' म्हणायचं नाही. क्रमांक दोन: नेगेटिव्ह माणसांशी बोलायचं नाही.
दुपारी भाजी आणायला बोलावं लागलं.

२६ मे, सोमवार
डिलाईल रोडच्या चाळीत पोरं शोधायला गेलो. दर वर्षीचं काम. दारं वाजवायची आणि विचारायचं, घरात सहा वर्षांचं कोणी आहे का. एका घरात पोलिओ डोसवाला समजले. आमच्याकडे पाचच्या आतलं कोणी नाही, म्हणून दार लावून घेतलं.
सगळ्यांना इंग्लिश मीडियम हवं. मालन सावंतचा थोरला माझ्या हाताखालून गेलाय, म्हणून तिच्याकडे आशेने गेलो. धाकट्यासाठी तिने विचारलं, पयलीला कोण आहे. मी प्रामाणिकपणे सांगितलं, दर्शनाबाई. ती म्हणाली, नवी बाय? नको मग सर, तिकडचा फॉर्म आणलाय आमी. चहा अर्धा कप दिला.
दिवसभरात एकही पोर नाही. प्रामाणिकपणाला आज किंमत नाही.

२७ मे, मंगळवार
मार्ग सापडला!
पुन्हा त्याच चाळीत गेलो. वरच्या मजल्यावर सुंदराबाई राहतात. नात मनवा, सहा पूर्ण. म्हातारीने विचारलं, पयलीक कोण आसा? तोंडातून निघून गेलं, मीच. ती लगेच म्हणाली, मगे घाला तिचा नाव.
हे खोटं नाही. शाळेत मी असणारच. मधल्या सुट्टीत पहिलीच्या दारावरून जाणारच.
पुढच्या प्रत्येक दारात तेच सांगितलं. वर हळूच म्हटलं की खास तुमच्यासाठी पहिली घेतोय. पटापट नावं मिळाली. मालनसुद्धा पाघळली, फुल कप चहा. लोकांना मी हवा आहे, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नव्हतं.
सीमा म्हणाली, त्यांना कळेल तेव्हा? मी समजावलं. प्रत्येक खोलीत वेगळं बोललोय, दार लोटून. चाळीत आजकाल कोण कुणाशी बोलतं? सगळे मोबाईलमध्ये. ती म्हणाली, आपल्या भाजीत मीठ जास्त पडलं तरी अप्पांना कळतं.
आमची चाळ वेगळी. तिथली वेगळी.

४ जून, बुधवार
पहिली भरली. मोठ्या बाई चक्क हसल्या.
दर्शनाबाई खाली बसून तक्ते रंगवत होत्या. एकावर हत्ती, एकावर होडी. त्यांना टिप्स दिल्या: रुमाल तीन ठेवायचे. बिचारीला अजून उमेद आहे.
नंतर चौथीच्या वर्गात जाऊन खुर्चीत बसून आलो. बाक मोठे. खिडकीतून वारा येतो. फार बरं वाटलं. लवू शिपाई झाडायला आला, म्हणाला, सर, चुकून वर आलात काय?

११ जून, बुधवार
माझा फ्लेक्स लागलाय!
डिलाईल रोडच्या चाळीच्या गेटवर, तिथल्या मंडळातर्फे. माझा फोटो, मागे उगवता सूर्य, वर मोठ्या अक्षरांत 'यंदाही पहिलीला आगवेकर सरच!' खाली शुभेच्छुक म्हणून मंडळाचे अध्यक्ष गुणाजी सावंत आणि समस्त पालकवर्ग. शुभेच्छुकांची तोंडं माझ्यापेक्षा मोठी आहेत, पण ती पद्धतच आहे. 'पहिलीला' हा शब्द जरा खटकला. लोकांचं प्रेम असलं की डिटेल्सकडे बघू नये.
सेल्फी काढून स्टेटसला ठेवला. मोठ्या बाईंनी तो पाहिला आणि लिहिलं, उद्या लवकर या. बहुतेक हार आणतील. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

१२ जून, गुरुवार
हार नव्हता.
मोठ्या बाईंच्या ऑफिसात मंडळाचा गुणाजी बसला होता. मंडळाच्या मीटिंगमध्ये म्हणे एकेक बाई उठून सांगायला लागली की सर माझ्याकडे आलेले, खास मला शब्द दिलाय. सगळ्यांनाच खास. कुणी चिडलं नाही. उलट टाळ्या वाजवल्या आणि फ्लेक्सची ऑर्डर दिली. गुणाजी हात जोडून म्हणाला, सर, तुमी हाय म्हणून पोरं घातली आमी, तुमी नाय तर पोरं नाय. प्रेमाने म्हणाला. दमदाटी केली असती तर मी ठाम राहिलो असतो.
मोठ्या बाई म्हणाल्या, पोरं गेली तर वर्ग बंद. मग दर्शनाबाई सगळ्यांत नव्या, अतिरिक्त त्याच ठरतील. दर्शनाबाई कपाटाशी उभ्या होत्या, हाताला हत्तीचा राखाडी रंग.
मी म्हटलं, हो हो.
चौथी दर्शनाबाईंना.
खरं लिहितो. नंतर जिन्यात बसून राहिलो. या वर्गातून मी आता रिटायर होऊनच बाहेर पडणार. कुणी ढकललं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

१५ जून, रविवार
पॉझिटिव्ह विचार. वर्ग कुठलाही असो, शिक्षक तोच असतो. पहिलीतच इतिहास घ्यायचा. पहिल्या दिवसापासून कडक राहायचं. कुणाचीही लेस बांधायची नाही. आणि पालकांना मीच का हवा, हे मालनला विचारायचं. उत्तर माहीत आहे, पण तिच्या तोंडून ऐकायचंय.

१६ जून, सोमवार
गुलाबाची फुलं, फुगे, औक्षण. मग आया दाराबाहेर गेल्या आणि सगळा वर्ग एकदम रडायला लागला. एकाने माझा पाय धरला, तो सोडवताना त्याची लेस बांधली. मग इतरांच्या बांधल्या. अफझलखान सुरू केला. पहिल्याच आरोळीला, जी दोन-तीन गप्प होती, तीही रडू लागली.
खिडकीशी मालन उभी होती. तिला विचारलं. ती म्हणाली, सर, आमचा थोरला तुमच्याकडं कधी रडला नाय बघा. घरी येऊन बोलायचा, सरांचंच तोंड एवढं पडलेलं असतं, आपण काय रडायचं. सगल्यांचीच पोरं असं बोलतात.
थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
टेबलाशी येऊन बसलो. पाच मिनिटांत वर्ग शांत. सगळी माझ्याकडे बघत होती. सुंदराबाईंची मनवा उठून जवळ आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली की रडायचं नाही, साडेबाराला घरी सोडतात. मी म्हटलं, मला नाही सोडत. तिने थोडा विचार केला. म्हणाली, माझी आजी येणार आहे न्यायला, तिला सांगते, तुम्हालापण नेऊया.
साडेबाराला सुंदराबाई आल्या. मनवा धावत गेली. सांगायचं विसरली.