वरचा थर

३ जुलै, गुरुवार

पहिला कॉबलर, म्हणजे पीचवर बिस्किटाचं पीठ घालून भाजायचा गोड पदार्थ. दगड.

खाली पीच मस्त शिजले, रस उकळून कडांना आला. वरचा बिस्किटाचा थर मात्र चमच्याला दाद देईना. शेजारचे सुतारकाका चव बघायला आले, थरावर टकटक करून म्हणाले, "घरून रंधा आणू का?" आई हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. तेवढ्यासाठी काकांना माफ.

आईच्या नव्या गोळ्या आजपासून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन आठवडे बघा. हातांची थरथर थांबली तर थांबली, नाहीतर याच्यापुढे माझ्याकडे औषध नाही. हे आईच्या तोंडावर! आईने दोन्ही हात शालीखाली घेतले.

५ जुलै, शनिवार

दुसराही दगड. कृतीत लिहिलंय – लोणी पिठात हलक्या हाताने चोळा, मळू नका. सव्वीस वर्षं ब्रेडच्या कारखान्यात पीठ मळतेय मी. पिठात हात गेला की मळणारच. जित्याची खोड.

अंगणातलं झाड मात्र पीचनी वाकलंय. टाकवत नाहीत.

६ जुलै, रविवार

आज पाहिलं ते नीट लिहून ठेवते.

फोन वाजला म्हणून बाहेरच्या खोलीत गेले. परत येते तर आई ओट्याशी, दोन्ही हात परातीत. दोन वर्षं ती स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा येत नव्हती – पेला सांडतो म्हणून. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली बाई. आता तिची बटणं मी लावते आणि ती तोंड भिंतीकडे फिरवते.

मी ओरडणार होते, पीठ सांडतंय म्हणून. सांडत होतंच. पण आधी परातीत पाहिलं. हात थरथरत होते, आणि त्या थरथरीनेच लोणी पिठात मिसळत होतं – सुटं, हलकं, रव्यासारखं. दाबायची ताकदच नाही ना बोटांत.

"मी काही करत नाहीये," आई म्हणाली. "आपोआप होतंय."

दूध मी ओतलं. गोळे तिने टाकले, वेडेवाकडे, पडतील तिथे. अर्ध्या तासाने ओव्हन उघडला तर थर फुगून सोनेरी, बोट लावलं की भुगा. मी उभ्याउभ्याच खाल्लं, तोंड पोळलं. ज्या हातांना दोन वर्षं मनात शिव्या घातल्या, त्यांच्यापुढे आज मला रडू आलं. असं काही आपल्या घरात, आपल्याच परातीत होऊ शकतं!

९ जुलै, बुधवार

परत केला. परत तसाच. योगायोग नव्हता तर.

काका दोन वाट्या संपवून म्हणाले, "रंध्याचं नाव कोणी काढलं होतं?" आई म्हणाली, "लेकीला शिकवतेय हळूहळू. हात जड आहे तिचा." कारखान्यात कळलं तर काय शोभा होईल माझी.

१५ जुलै, मंगळवार

गोळ्यांचा काही उपयोग नाही. आई नुसती पेंगते. "जाऊ दे गं," म्हणाली, "कॉबलरपुरते बरे आहेत हात." हसली. पण मग सुईदोऱ्याचा डबा माळ्यावर टाकायला सांगितला.

मी टाकला नाही. टेबलाखाली सरकवला.

२१ जुलै, सोमवार

झाडावर पाच-सहाच पीच राहिलेत. आईला सांगितलं नाही.

२४ जुलै, गुरुवार

माझी सकाळची पाळी होती. घरी आले तर शेवटचा कॉबलर ओट्यावर तयार. वरचा थर – दगड. माझ्या थरांहूनही दगड.

आईकडे पाहिलं. झग्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. सगळी. मी तर पहाटेच बाहेर पडले होते.

"किती दिवसांनी दाबता आलं गं," ती म्हणाली. "मग दाबतच राहिले."

काकांना हाक मारलीय. रंधा घेऊनच या म्हटलं.