खडकावरचा चुना

३ फेब्रुवारी

शुक्रवारी साहेब येऊन राहिले! वन विभागाचे. चार वर्षं अर्ज करून करून बोटं झिजली, तेव्हा कुठं. खारून नदीच्या ह्या काठावर काँक्रीटची भिंत व्हायची आहे. इथं पाणमांजर राहतं याचा पुरावा दिसला तर भिंत टळेल, नाही तर सोमवारी मशीन लागेल. एकच उरलं आहे बिचारं. मी तरी एकच पाहिलं.

पुरावा म्हणजे त्याची विष्ठा. रोज त्याच एका खडकावर करतं, माशांचे खवले चमकतात त्यात. दिवाकर म्हणतात, आपल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या बाया रिटायर झाल्यावर देवळात जातात, माझी बायको मांजराची शी पाहायले जाते. म्हणू दे नवऱ्याले.

५ फेब्रुवारी

खडक भरलेला. ताजं! देवा, दोन दिवस असंच राहू दे.

६ फेब्रुवारी

सत्यानाश.

संध्याकाळी हे घामाघूम होऊन आले, एकदम खूश. म्हणे, तुझं काम करून आलो. रेल्वेत चौतीस वर्षं काढलेला माणूस — साहेबाचं इन्स्पेक्शन म्हटलं की झाडायचं, धुवायचं, चुना टाकायचा! खडक ब्रशनं घासला. पाण्यापासून रस्त्यापर्यंत चुना पसरला. पांढराशुभ्र.

मी काय काय बोलली ते लिहवत नाही. हे जेवले नाहीत. मी पण नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "मले वाटलं, साहेबानं तुह्या नदीले घाण म्हणू नये."

मग मले रडूच आलं.

७ फेब्रुवारी

जिंकलो!!

साहेब सकाळी सहालाच हजर. मी तोंड लपवून मागं उभी. हेच पुढं गेले, वाकले, आणि हात वर करून सगळ्यांले थांबवलं. चुन्यात पावलं! पाण्यातून थेट खडकाकडं. पाच-पाच बोटं, मधे पडदा, एकदम साफ. आणि घासलेल्या खडकावर नवा ढीग — स्वच्छ जागा पाहून पठ्ठ्यानं पुन्हा हक्क सांगितला!

साहेबांनी माप घेतलं, फोटो काढले, एक कॅमेरा झाडाले बांधला आणि तिथंच लिहून दिलं: इथं भिंत नाही. मग विचारलं, "चुना किसने डाला?" ह्यांनी मान खाली घातली.

"बढ़िया काम किया, भैया."

साहेब गेल्यावर आम्ही दोघांनी बादल्या भरभरून चुना धुतला, पाणमांजराचे पाय भाजू नयेत म्हणून. घरी येताना हे छाती काढून चालून राहिले होते.

८ फेब्रुवारी

ह्यांनी सात जणांले फोन केले. त्यांच्या गोष्टीत मी कुठंच नाही. राहू दे.

१५ फेब्रुवारी

कॅमेऱ्यातला फोटो आला. पठ्ठ्या नाही, मादी आहे. आणि एकटी नाही — मागं तीन पिल्लं.