ऑगस्ट महिन्यात बर्फ टाकू देण्याबाबत

प्रति,
मा. इंगेमार स्तोलहांद,
विभागप्रमुख, रस्ते व वाहनतळ,
ग्रानवीकेन नगरपालिका, उत्तर स्वीडन.

विषय : वाचनालयामागील चार्जिंग केंद्र क्र. ७ येथे गरजेप्रमाणे तीन ढकलगाड्या बर्फ टाकण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. ८ ऑगस्टचे पत्र.
२) विनापरवाना बर्फ टाकल्याबद्दल मला मिळालेली दि. २१ ऑगस्टची नोटीस.

महोदय,

कॉफीच्या टेबलावर आपण मला तूवा म्हणता आणि मी आपल्याला इंगेमार म्हणते. परंतु तिथे हा विषय निघाला की आपण दालचिनीचा पाव उचलून खिडकीपाशी जाता. सबब हा लेखी अर्ज.

१. मी दि. १० जूनपासून आपल्या विभागात विद्यार्थी संशोधक म्हणून प्रशिक्षण घेत आहे. गावातील बाराही चार्जिंग केंद्रांपर्यंत कोणालाही, म्हणजे चाकाच्या खुर्चीतील माणसालाही, पोचता येते का आणि पोचल्यावर गाडी भरवशाने चार्ज होते का, हे पाहून नव्या धोरणासाठी अहवाल देणे, हे माझे काम. अकरा केंद्रांबाबत आपले व माझे पूर्ण एकमत आहे. तिथे पोचता येत नाही, हे आपणही मान्य करता. वाद आहे तो बाराव्याचा, म्हणजे क्र. ७ चा, कारण नगरपालिकेच्या नोंदीत 'सर्वांसाठी सुगम' असे ते एकच केंद्र आहे.

२. नोंदीनुसार तेथील चार्जिंगच्या खांबापुढच्या दगडी कडेची उंची शून्य आहे. माझ्या टेपने ती चौदा सेंटिमीटर भरली. आपण म्हणालात, "टेप जुनी असेल गं, ताणली गेली असेल." मी नवी टेप आणली. चौदा. मग आपल्या कपाटातली पोलादी पट्टी नेली, तिने चौदा आणि वर दोन मिलिमीटर दाखवले. त्यावर आपण म्हणालात, "बघ, दर वेळी वेगळं येतंय. अशा मोजमापावर कसा विश्वास ठेवायचा?"

३. शून्याचा उगम मी जुन्या कागदांत शोधला. केंद्राची तपासणी दि. १३ फेब्रुवारी रोजी झाली होती. त्या दिवशी कडेच्या दोन्ही बाजूंना बर्फ तुडवून-तुडवून सपाट झाला होता आणि वर खडी टाकलेली होती. तपासनिसांनी वाचनालयाची चाकाची खुर्ची खांबापर्यंत सुरळीत ढकलत नेली व 'अडथळा नाही' असे लिहून सही केली. खाली दगड आहे हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. ते खोटे बोलले असे मी म्हणत नाही. फेब्रुवारीत ते खरेच होते.

४. याला श्रीमती सीव नॉर्डेल यांचा दुजोरा आहे. त्या एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त संगीतशिक्षिका असून चाकाची खुर्ची वापरतात आणि पायांऐवजी हातांनी चालवायची वीजगाडी स्वतः चालवतात. त्या सदनिकेत राहतात, घरी चार्जिंगची सोय नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते : "सगळं गाव वसंताची वाट बघतं, बाई, आणि मी एकटी बर्फाची. एप्रिल आला की माझा रस्ता बंद!" उन्हाळ्यात केबल लावायला शेजारचे गृहस्थ येतात, त्यांना वेळ असेल तेव्हा. "केबल लावायला त्याला दोन मिनिटं लागतात. मग त्याच्या डाव्या गुडघ्याची कहाणी चाळीस मिनिटं. गाडी भरते आणि मी रिकामी होते." शेजारी गावाला गेल्यामुळे धाकट्या बहिणीकडे दर ऑगस्टात होणारी शेवंडांची पंगत गेल्या वर्षी त्यांची चुकली. बहीण एकशे साठ किलोमीटरवर राहते आणि तिची प्रकृती आता बरी नसते. यंदाचीही चुकली तर पुढची मिळेलच असे नाही, हे सीवबाई हसत सांगतात. मला ते ऐकून हसू आले नाही.

५. आपल्या ८ ऑगस्टच्या पत्रात असे कळवले आहे की मंजूर उंची शून्यच धरावी, दगडी कड हा 'हंगामी अडथळा' समजावा, पुढील तपासणी नियमाप्रमाणे फेब्रुवारीत होईल आणि माझा अहवाल नोंदीशी जुळवून घ्यावा. १ सप्टेंबरला खांबावर 'सर्वांसाठी सुगम' अशी हिरवी पाटी लागेल व त्यानंतर पाच वर्षे तिथे कोणतेही बांधकाम होणार नाही.

६. महोदय, अहवाल नोंदीशी जुळवणे माझ्याच्याने होईना, तेव्हा मी जागाच नोंदीशी जुळवली. बर्फावरच्या हॉकीच्या क्रीडागृहात सराव सुरू झाला आहे आणि तिथला खरवडलेला बर्फ रोज मागच्या दाराने फेकला जातो. तिथले रखवालदार रोलांद यांना विचारले, तर ते म्हणाले, "घेऊन जा की! ऑगस्टात बर्फ मागणारी तू पहिलीच. विचारणार नाही कशाला ते, उत्तर ऐकायची भीती वाटते." मंगळवारी, २० तारखेला, मी तीन ढकलगाड्या बर्फ कडेशी ओतला, तुडवला आणि वर खडी टाकली. बाहेर चोवीस अंश ऊन होते. अर्ध्या चड्डीतले एक गृहस्थ सायकल थांबवून म्हणाले, "यंदा फारच लवकर आला!" आणि पुढे गेले.

७. सीवबाई त्यावरून चढून एकट्या खांबापाशी गेल्या. केबल त्यांनी स्वतः लावली. पडद्यावर आकडे पळू लागले तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता जरा गप्प उभी राहा. मला कुणाची कहाणी नकोय." मला रडू येत होते, हे येथे नमूद करते. धोरणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व किती हे आपण ठरवावे.

८. सीवबाई केबल काढून जेमतेम खाली उतरल्या होत्या, तोच बर्फ काढणारे यंत्र आले. पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त बर्फ दिसल्याची खबर मिळताच दोन तासांत यायचे, असा त्यांचा करार आहे. कोणीतरी सद्भावनेने फोन केला होता. चालक खाली उतरले, एकदा आकाशाकडे व एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "मला काही विचारायचं नाही. मला फक्त ढकलायचं आहे." त्यांनी सर्व बर्फ ढकलून फुलांच्या वाफ्यात टाकला. या गावात दगड हलायला पाच वर्षे लागतात आणि बर्फ हलायला दोन तास पुरतात, हे निरीक्षण मी अहवालात घेतले आहे.

९. तरी विनंती अशी की :
(अ) क्र. ७ येथे बर्फ टाकण्यास मला परवानगी द्यावी व यंत्रास तेथे येण्यास मनाई करावी. या दोन आज्ञा एकाच दिवशी निघाव्यात.
(आ) किंवा दगडी कड तासून उतार करावा. गवंड्याच्या मते काम अर्ध्या दिवसाचे आहे.
(इ) यांपैकी काही होईपर्यंत हिरवी पाटी लावू नये.
(ई) माझ्या अहवालातील चौदा हा आकडा तसाच राहू द्यावा. त्यापायी माझ्या प्रमाणपत्रावर सही करणे आपणास जड जाणार असेल, तर करू नये.

१०. सीवबाई बुधवारी सकाळी बहिणीकडे पोचल्या. काल त्यांचा फोन आला. मागे पंगतीचा गलका होता आणि दोघी बहिणी वेगवेगळ्या पट्टीत एकच गाणे म्हणत होत्या. रविवारी दुपारी चारच्या सुमारास त्या गावात परततील. बॅटरी तोवर तळाला गेलेली असेल आणि सोमवारी सकाळी त्यांना बहिणीला रुग्णालयात न्यायला पुन्हा निघायचे आहे. तीन ढकलगाड्या बर्फ उन्हात फार तर दीड तास टिकतो, म्हणून मी तो साडेतीनला ओतणार आहे. रविवारी आपले कार्यालय बंद असते, याची मला जाणीव आहे. परवानगी तोवर आली नाही तर आपण स्वतः यावे. फावडी माझ्याकडे दोन आहेत.

आपली, अजून आठ दिवस तरी आपल्याच विभागातली,
(सही)
तूवा ल्यॉवग्रेन
ग्रानवीकेन, शुक्रवार, २३ ऑगस्ट

सोबत :
१) तिन्ही मोजमापांची छायाचित्रे.
२) १३ फेब्रुवारीच्या तपासणीची प्रत.
३) बर्फाचा नमुना, एक पिशवी. पोचेपर्यंत पाणी झाले असल्यास तोच पुरावा मानावा.