माझी गोळी मीच निवडणार

१२ ऑक्टोबर, शनिवार
नऊ महिन्यांनी बंदूक कपाटातून बाहेर काढली. शिरीष सोफ्यावरून म्हणाला, "परत?"
"परत."
मी नळी पुसायला बसले.

जानेवारीतलं कधी लिहिलंच नव्हतं. आज लिहिते. रूथच्या शेतावर मादी हरीण समोर आलं, मी गोळी झाडली. लागली हे नक्की, पुढच्या पायावर वाकलेली पाहिली मी. मग पळाली. रक्ताचे चार थेंब, पुढे काहीच नाही. रूथ आणि मी दिवस मावळेपर्यंत शोधत होतो. पाच दिवसांनी रूथच्या भावाला, डेलला, त्याच्या कुंपणापाशी ती मेलेली सापडली. गोळी खांद्याच्या हाडावर फुटून तिचे तुकडे झाले होते. आत नीट गेलीच नव्हती. मादी त्यानंतर किती वेळ जिवंत होती, माहीत नाही.

डेल तेव्हा म्हणाला, "ऑफिसातल्या लोकांनी ऑफिसात बसावं."

नाही बसणार.

१३ ऑक्टो.
रूथला फोन. बारा वर्षं ऑफिसात शेजारच्या टेबलावर होती, बंदूक चालवायला तिनेच शिकवलं. आता चौऱ्याहत्तर, हात थरथरतात, स्वतः नेम धरता येत नाही. म्हणाली, "जमीन माझी आहे. तू ये. पण या वेळी गोळी डोकं वापरून निवड."

बरोबर बोलली. गेल्या वेळची गोळी मी निवडलीच नव्हती. दुकानातल्या माणसाने हातात ठेवली : "बायकांना हलकी बरी, धक्का कमी बसतो." आणि मी घेतली! रिपोर्ट तीनदा वाचल्याशिवाय ऑफिसात सॉफ्टवेअरचं कुठलं रिलीज पुढे जाऊ देत नाही, ती मी. हरीण तसं मेलं त्याइतकाच याचाही स्वतःवर राग येतो.

१९ ऑक्टो., शनि.
तेच दुकान. तोच माणूस. मला म्हणे ओळखलं.
"अख्ख्या शिशाची हवी. जड. प्लास्टिकच्या टोपणातली नको."
"ती जोरात मारते, मॅम."
"खांदा माझा आहे."
तीन प्रकार घेतले. एक गेल्या वेळचीच हलकी, मुद्दाम.

२६ ऑक्टो.
रूथच्या शेतावर. अमेरिकेतल्या या आमच्या डब्लिनहून दोन तास ड्राइव्ह. दुधाचे मोठे रिकामे कॅन पाणी भरून एकामागे एक मांडले. हलकी गोळी दुसऱ्या कॅनमध्येच फुटली, तिसऱ्यात नुसते तुकडे. जड शिशाची पाच कॅन पार करून सहाव्यात मिळाली, चपटी पण अख्खी.

रूथने ती तळहातावर घेतली. "ही आरपार जाईल. आत शिरली तिथून रक्त, बाहेर पडली तिथूनही. मग हरीण हरवत नाही."

एवढी साधी गोष्ट. मागच्या वेळी कोणी का नाही सांगितली? मी का नाही विचारली?

९ नोव्हें.
रेंजवर सकाळभर. ठासणीची बंदूक, म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सगळं. दारू मोजायची, नळीत ओतायची, वरून गोळी, गजाने ठासायची. दारू कमी केली, जड गोळीला तेवढी लागतच नाही. नेम सुधारला. तिसऱ्या वेळी गोळी आत जाईना, काजळी साचलेली. आता दर वेळी बार काढल्यावर ओलं फडकं नळीतून फिरवायचंच.

खांदा काळानिळा. शि.ने पाहिला.
"घरात दारू मोजणारी बायको. आईला काय सांगू?" आधी हसला. मग गंभीर. "काय सिद्ध करायचंय तुला?"
"काही नाही. रविवारी मटण खातोस ना?"
"ते दुकानातून येतं."
"तेच म्हणतेय."
"त्या हरणाचं इतकं लागलंय तुला, तर सोडून का नाही देत?"

खरं तर चांगला प्रश्न होता. म्हणून जास्त चिडले.

१० नोव्हें.
उत्तर सुचलं. सोडून दिलं तर ते हरीण नुसतं वाया गेलं. मी काहीच शिकले नाही, असं होईल. शि.ला सांगितलं. म्हणाला, "हं." पटलं नाही त्याला. नसू दे.

१६ नोव्हें.
मराठी मंडळाचा दिवाळी फराळ. कुणीतरी बातमी पोचवलेली. देशपांडे काकूंनी चकलीच्या ताटापाशी गाठलं.
"अगं, आपल्यातल्या बायका असलं करतात का?"
"एक करते, काकू."
चकली छान झाली होती. दोन घेतल्या.

१४ डिसें., शनि.
रूथकडे सराव चालू असताना डेल गाडीतून उतरला. नमस्कार-चमत्कार नाही.
"पाच बार. एका ताटाएवढ्या जागेत. नाहीतर शिकारीच्या सीझनमध्ये इथे दिसू नकोस."
रूथ भडकली. "तुला विचारलं कोणी?"
मी म्हटलं, "थांब रूथ. मारते. तसंही मारायचेच होते."

पंचाहत्तर यार्डांवर चार आत, एक बाहेर. डेलने भुवया उडवल्या. टार्गेट पन्नासवर आणलं. पाचही आत. त्याच्याकडे न बघता फडकं फिरवत राहिले.
"मी पन्नासच्या पुढे मारणार नाही," म्हटलं.
"मोठा नर पन्नासवर येत नाही."
"मग नाही येणार."

४ जाने., शनि.
ठासणीच्या बंदुकीचा सीझन सुरू. केशरी जॅकेट, दोन जोड मोजे, तरी पायांची बोटं मेलेली. साडेआठला नर आला. असलं शिंगाळ जनावर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नव्वद यार्ड तरी. दहा मिनिटं आडवा उभा, जणू फोटो काढून घेतोय. बोट चापाजवळ गेलं नाही असं खोटं कशाला लिहू. गेलं. मग काढलं. तो निघून गेला.

दुपारी डेल. त्याच्या हद्दीतल्या मचाणावरून सगळं दिसलेलं.
"का नाही मारलंस?"
"लांब होता."
"मी मारला असता."
"तू मी नाहीस."
टोपी सारखी केली. आपल्या मचाणाकडे परत गेला.

५ जाने., रवि.
मादी. चाळीस यार्ड. आडवी उभी.
बार काढला. धूर इतका की काही दिसेना. धुरात उभ्या उभ्याच परत भरली : दारू, गोळी, गज. थोडी दारू बुटावर सांडली. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर आणखी लांब पळतं, म्हणून घड्याळ लावून अर्धा तास थांबले. आयुष्यातला सर्वांत लांब अर्धा तास.

रक्त. बर्फावर, दोन्ही बाजूंना. शोधावं लागलंच नाही. तीस-पस्तीस पावलं, आणि ती पडलेली. गोळी फासळ्यांतून आरपार. मानेवर हात ठेवला, अजून गरम. रडले. लिहायला लाज वाटत नाही. वाईट वाटलं म्हणून मी चुकले असं होत नाही.

आवाज ऐकून डेल आला. न विचारता मागचे पाय धरले, दोघांनी ओढत गाडीपर्यंत आणली.
"गोळी कुठली?"
सांगितली.
"मीही तीच वापरतो," म्हणाला. मागच्या वर्षी सांगता आलं असतं की रे, असं अगदी ओठांवर आलं. मग म्हटलंच. त्याने मागचे पाय गाडीत ढकलले.

६ जाने.
रस्सा केला. आपला काळा मसाला, भरपूर लसूण. एकटीने जेवायची तयारी ठेवली होती. शि.ने वाटी पुढे केली. खाल्लं. वाटी स्वतःच धुऊन ठेवली.

१८ जाने., शनि.
रूथकडे मांसाची दोन पाकिटं घेऊन गेले. स्वयंपाकघरात खोकी. मार्चमध्ये ती मुलीकडे राहायला जातेय, दूर दक्षिणेत, फ्रिस्कोला. कायमची. जिना चढवत नाही, इथे थंडी सोसत नाही. मला फोनवर सांगायचं नव्हतं म्हणाली. तिचा हात धरून बसले, थरथर माझ्या हातातही येत होती.
"आणि शेत?"
"डेल बघणार."

डेल अंगणात लाकडं रचत होता. मला बघून थांबला.
"पुढच्या वर्षी मला विचारावं लागेल तुला."
"विचारेन."
"नाही म्हणालो तर?"
"तर परत विचारेन."
"आणि परत नाही म्हणालो तर?"
"तू किती वेळा नाही म्हणू शकतोस, ते बघू."

हसला की तोंड वाकडं केलं, कळलं नाही. पुढचं लाकूड उचललं त्याने. दुसऱ्या टोकाला मी हात घातला.